शंकापेटी : दुसऱ्या डिस्कची किल्ली ठेवायची कुठे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार एकाच दुखण्याची निघाली: कॉम्प्युटर चालू होताना डिस्कचं कुलूप कसं उघडायचं. माझं दुकान मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून चार पावलांवर. इथे दवाखाने ढीगभर, त्यामुळे पेशंटची माहिती कुलूपबंद ठेवणारी डॉक्टर मंडळीही भरपूर. म्हणजे ही दुखणी मला ओळखीची आहेत.

ताई, माझं बार्शीत वकिलीचं ऑफिस आहे. मुलाने कॉम्प्युटरवर उबुंटू ही लिनक्स सिस्टिम टाकून दिलीय. २५० जीबीच्या एसएसडीवर सिस्टिम आहे आणि २ टीबीच्या हार्ड डिस्कवर अशिलांची कागदपत्रं. दोन्ही एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद. सकाळी चालू करताना एक पासवर्ड, मग हार्ड डिस्कवर क्लिक केलं की दुसरा. कारकून कंटाळतो. ओळखीचे एक जण म्हणाले, किल्लीची फाइल बूट फोल्डरमध्ये ठेवा, एकही पासवर्ड लागणार नाही. ठेवू का? (एक वकील, बार्शी)

नका ठेवू, वकीलसाहेब. तुमच्यासारख्या मांडणीत बूटचा भाग कुलपाबाहेर असतो, कारण पासवर्ड विचारणारा प्रोग्रामच तिथून सुरू होतो. तिथे किल्ली ठेवणं म्हणजे दाराला कुलूप घालून किल्ली कडीलाच अडकवणं. कॉम्प्युटर उचलून नेणारा पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून ती दोन मिनिटांत वाचेल. काहीजण किल्लीचा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला कायम लावून ठेवतात, तोही त्याच जातीचा प्रकार.

पण दोन पासवर्डांचा एक मात्र करता येतो, तोही सुरक्षितता न घालवता. पहिला पासवर्ड दिल्याशिवाय एसएसडी उघडत नाही. मग दुसऱ्या डिस्कची किल्ली त्या एसएसडीच्या पोटातच ठेवा. सकाळी एसएसडी उघडली की सिस्टिम आतली किल्ली घेऊन हार्ड डिस्क उघडेल. मशीन बंद असताना चोरीला गेलं तर दोन्ही बंदच.

आता कसं करायचं ते. तुमच्या डिस्कवरचं कुलूप लक्स या पद्धतीचं आहे. त्यात तुमचा पासवर्ड थेट माहितीला लागत नाही. माहिती एका मुख्य किल्लीने बंद असते आणि ती मुख्य किल्ली डिस्कच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये वेगवेगळ्या खणांत ठेवलेली असते, प्रत्येक खणाचा पासवर्ड वेगळा. जुन्या लक्स-१ मध्ये असे ८ खण होते, लक्स-२ मध्ये ३२ पर्यंत. तेव्हा हार्ड डिस्कचा आताचा पासवर्ड एका खणात तसाच राहू द्या आणि दुसऱ्या खणात किल्लीची फाइल घाला. फाइल म्हणजे ४०९६ बाइट्सचा निव्वळ कचरा, यू-रँडम या लिनक्सच्या बिनक्रमाचे बाइट्स देणाऱ्या सोयीकडून घेतलेला. ती इटीसी फोल्डरमध्ये रूटच्या (सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या) मालकीची ठेवा, परवानगी ४००, म्हणजे रूटशिवाय कुणी वाचू नये. मग क्रिप्टसेटअपच्या लक्स-ॲड-की आज्ञेने ती खणात घाला. ती जुना पासवर्ड विचारते, तो द्यायचा.

यानंतर क्रिप्टटॅब नावाच्या फाइलमध्ये (चालू होताना कुठली डिस्क कशी उघडायची याची यादी) एक ओळ. तिच्यात चार गोष्टी, ओळीने: उघडलेल्या डिस्कला द्यायचं नाव, डिस्कचा यूयूआयडी (तिचा ओळख-नंबर), किल्लीच्या फाइलचा पत्ता आणि पर्याय. पर्यायांत 'लक्स' आणि 'नोफेल' (डिस्क उघडली नाही तरी मशीन अडू नये म्हणून) लिहा. शेवटी एफएसटॅब या फाइलमध्ये, उघडलेली डिस्क फोल्डरला जोडणारी नेहमीची माउंटची ओळ. तिथे डिस्क म्हणून डेव्ह-मॅपर खालचं तेच नाव द्यायचं आणि तिथेही 'नोफेल' घालायचं.

इथे माझ्या ओळखीतले निम्मे लोक अडखळतात, मीही अडखळले होते. डिस्क उघडलेली असताना ब्लॉक-आयडी ही आज्ञा चालवलीत तर एकाच डिस्कचे दोन यूयूआयडी दिसतात. एकापुढे प्रकार 'क्रिप्टो-लक्स' लिहिलेला असतो, दुसऱ्यापुढे 'ईएक्सटी-४'. पहिला बाहेरच्या पेटीचा, दुसरा आतल्या सामानाचा. क्रिप्टटॅबला पेटीचा हवा. मी एका दवाखान्यात आतल्याचा टाकून आले. आतला नंबर पेटी उघडल्यावरच दिसतो, आणि पेटी उघडायला सिस्टिम त्याच नंबराची वाट बघत बसली. नव्वद सेकंद स्क्रीनवर नुसता तारा पुढेमागे पळत होता, मग काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोड. बाहेर बाकावर अकरा पेशंट. 'नोफेल' लिहिलं असतं तर निदान डेस्कटॉप तरी आला असता आणि डॉक्टरांच्या फोनने मला अंघोळीतून बाहेर काढलं नसतं.

म्हणून रीस्टार्ट करून बघण्याआधी क्रिप्टडिस्क्स-स्टार्ट ही आज्ञा तुम्ही दिलेल्या नावासह चालवा. चालू मशीनवरच डिस्क उघडली तर ओळ बरोबर. चुकली असेल तर आरामात बसून दुरुस्त करता येते.

कारकुनाबद्दल एक. त्याला तुमचाच पासवर्ड माहीत आहे, हे वाचून मी जरा थबकले. आधी तुमचे पासवर्ड एकदा बदला, मग एसएसडीवर त्याच्या नावाचा वेगळा खण करा, त्याचा पासवर्ड वेगळा. उद्या तो नोकरी सोडून गेला तर तेवढा खण पुसायचा, तुमचा पासवर्ड पुन्हा बदलावा लागत नाही. कुठला खण कुणाचा हे मात्र डायरीत लिहून ठेवा, खणावर फक्त नंबर असतो.

आणि हेडरची प्रत. ही मी फी न घेता करून देते, इतकी ती गरजेची. २०१६ साली माझ्याकडच्या मुलाने एका गिऱ्हाइकाची लक्स-१ ची डिस्क विंडोजच्या मशीनला लावली. विंडोजला ती ओळखू येईना. 'फॉरमॅट करायची का' असं विचारलं, मुलाने 'हो' दाबलं. माहिती बहुतेक जागच्या जागी होती, पण सुरुवातीचा हेडर गेला आणि त्याबरोबर आठही खण. पासवर्ड गिऱ्हाइकाला तोंडपाठ होता, आणि आता तो लावायला कुलूपच उरलं नव्हतं. पैसे परत केले, त्यांचे मुलाच्या बारशाचे फोटो मात्र परत करता आले नाहीत. लक्स-हेडर-बॅकअप आज्ञेने होणारी फाइल लक्स-२ साठी साधारण १६ एमबीची असते, जुन्या पेन ड्राइव्हवरही मावते. ठेवायची दुसरीकडे, त्याच डिस्कवर नाही. पुढे पासवर्ड बदललात किंवा कारकुनाचा खण पुसलात तर जुनी प्रत नष्ट करून नवी घ्या, कारण जुन्या हेडरला जुना पासवर्ड अजूनही चालतो.

मुलगा कदाचित म्हणेल, टीपीएम (मशीनमधली किल्ली सांभाळणारी चिप) वापरू, पहिलाही पासवर्ड नको. २०२१ पासून सिस्टिमडीमध्ये, म्हणजे लिनक्सची कामं सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, त्याची सोय आहे. पण उबुंटूच्या जुन्या आवृत्त्या आणि तिच्यासारखीच डेबियन यांच्या नेहमीच्या इनिटरॅमएफएसमध्ये (डिस्क उघडण्याआधी चालणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) क्रिप्टटॅबमधला तो पर्याय नुसता लिहून चालत नाही, क्लेव्हिस किंवा ड्रॅकट हे वेगळे प्रोग्राम लागतात. शिवाय अख्खं मशीन उचलून नेलं तर ते चोराच्या घरीही लॉगिनच्या पडद्यापर्यंत आपणहून उघडेल. अशिलांची कागदपत्रं आहेत, तेव्हा एक पासवर्ड राहू द्या. चिप वापरायचीच तर पिन जोडून.

ताई, मी मराठीची शिक्षिका. डिस्कचा पासवर्ड हौसेने मराठीत ठेवला. डिस्कच्या प्रोग्राममधून बदलला, तेव्हा 'झालं' असं आलं. आता चालू करताना तोच पासवर्ड चुकीचा म्हणतो. पासवर्ड असा आहे… (एक वाचक, चंद्रपूर)

बाई, पासवर्ड पत्रात लिहिलात! मी वाचला, खोडला आणि संपादकांनाही दाखवलेला नाही. एवढंच सांगते की त्यात 'ऱ्या' आहे, आणि ते महत्त्वाचं आहे.

डेस्कटॉपवर तुम्ही मराठी कीबोर्ड लावून पासवर्ड बदललात. पण मशीन चालू होताना, डिस्क उघडण्याआधी, मराठी कीबोर्ड तिथे पोचलेलाच नसतो. त्या पडद्यावर इंग्रजी अक्षरंच उमटतात. त्याच जागेवरची बटणं दाबून उपयोग नाही, कारण डिस्क बटणं बघत नाही, त्यातून आलेले बाइट्स बघते. देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला ३ बाइट्स लागतात, इंग्रजी अक्षराला एक.

पासवर्ड गेलेला नाही, फक्त तो टाइप करायला जागा नाही. ती पेन ड्राइव्हवर मिळेल. उबुंटूचा पेन ड्राइव्ह लावून 'ट्राय' निवडा, सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड घाला, मग डिस्कच्या प्रोग्राममधून तुमची डिस्क उघडा. आता 'ऱ्या'कडे या. हे अक्षर दोन तऱ्हांनी बनतं. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी 'J' चं बटण दाबलं की खाली टिंब असलेला 'ऱ' येतो, त्याला हलंत, मग 'या'. काही कीबोर्ड मात्र साधा 'र', हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असं करून तेच रूप काढतात. डोळ्याला फरक शून्य, बाइट्स निराळे, डिस्क म्हणणार चूक. म्हणून पासवर्ड ठेवताना जो कीबोर्ड होता नेमका तोच निवडा. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह दिसलं तर दाबून अक्षरं तपासा, पण दिसायला बरोबर असूनही नाकारलं तर दुसऱ्या तऱ्हेने लिहून बघा.

उघडली की लगेच नवा पासवर्ड ठेवा, रोमन अक्षरांत. हौस सोडायला नको. उंबरा, खलबत्ता, दिवेलागण, पोपटी असे एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले पाच मराठी शब्द रोमनमध्ये लिहा. (हेच नकोत, हे आता छापून आले.) ॲट-चिन्ह आणि दुहेरी अवतरण टाळा. ब्रिटिश आणि अमेरिकी कीबोर्डांत त्या दोघांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात, आणि सुरुवातीच्या पडद्यावर कुठला कीबोर्ड आहे हे कळायला मार्ग नसतो.

लॅपटॉपचं बायॉस अपडेट झालं आणि विंडोज बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की मागतंय. बाबांनी ती वहीत लिहून ठेवली होती, पण मराठी आकड्यांत. ते तलाठी होते. एका ठिकाणी १ आहे की ९, कळत नाही. आता बाबा नाहीत. (एक वाचक, वर्धा)

वर्ध्याच्या ताई, वहीचं पान पाठवलंत ते बरं केलंत. सातबारा लिहिलेला हात आहे, एका ठिकाणी शाई फुटली नसती तर शंकाच आली नसती.

बिटलॉकरची की ४८ आकड्यांची, सहा-सहाच्या आठ गटांत. शाळेत शिकलेली ११ ची कसोटी आठवतेय? ती इथे कामाला येते, कारण यातला प्रत्येक गट ११ ने भागला जाईल असाच बनवलेला असतो. तुमचा खरा गट छापत नाही, त्याजागी माझा घ्या: ३०?६४२. शंकेच्या जागी १ धरा. पहिला, तिसरा, पाचवा आकडा: ३ + १ + ४ = ८. दुसरा, चौथा, सहावा: ० + ६ + २ = ८. फरक ०, म्हणजे भाग जातो. ९ धरलात तर १६ आणि ८, फरक ८, भाग जात नाही. फरक ०, ११ किंवा २२ आला तरच गट खरा. एका गटात एकच आकडा शंकेचा असेल तर दोन उत्तरं कधीच येत नाहीत. तुमच्या गटात मी दोन्ही करून पाहिलं. तिथे ९ आहे.

उरलेले सात गटही याच कसोटीवर तपासून घ्या आणि मगच टाइप करा, इंग्रजी आकड्यांत. उघडलं की बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ही की आहे का ते बघून तिची प्रत काढा. पुढच्या वेळी बायॉस अपडेटआधी बिटलॉकरचं संरक्षण तात्पुरतं थांबवा. बायॉस बदललं की टीपीएम चिपला मशीन अनोळखी वाटतं आणि ती किल्ली द्यायला नकार देते. ते पान मात्र फाडू नका.

आमच्या वाचनालयाचा डेबियन कॉम्प्युटर लोडशेडिंगनंतर आपोआप चालू होतो, पण डिस्कच्या पासवर्डपाशी अडकतो. मी दहा किलोमीटरवर राहतो. (एक ग्रंथपाल, अकोला जिल्हा)

ड्रॉपबेअर-इनिटरॅमएफएस हे पॅकेज टाका, तुमची एसएसएचची (दुरून मशीनमध्ये शिरायच्या सोयीची) सार्वजनिक किल्ली त्याच्या यादीत घाला आणि अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा. मग पासवर्ड मागत थांबलेल्या मशीनमध्ये घरून एसएसएचने शिरून क्रिप्टरूट-अनलॉक म्हणायचं आणि पासवर्ड द्यायचा. पोर्ट (मशीनच्या दाराचा नंबर) नेहमीपेक्षा वेगळा ठेवा, नाहीतर 'होस्ट बदलला' अशी धमकी दर वेळी येईल. बाहेरून पोचायला राउटरवर तो पोर्ट उघडावा लागेल. पासवर्डऐवजी किल्लीनेच प्रवेश असल्यामुळे ते चालतं. आणि केबल लावा. त्या टप्प्यावर वायफाय सहसा जागं झालेलं नसतं. राउटरलाही छोटा यूपीएस द्या, नाहीतर कॉम्प्युटर तुमची वाट बघेल आणि राउटर विजेची.