मुलगा-मुलगी दोघंही सज्ञान आणि राजी असतील, तर मामाच्या मुलीशी लग्नाला कायद्याने आडकाठी का?

तुम्ही सांगलीचे, मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय, दोघंही सज्ञान आहात, आणि कुणीतरी "हे कायद्यात बसत नाही" असं सांगितलंय. त्यावर तुमचा प्रश्न असा की राजीखुशीच्या लग्नात कायद्याने पडावंच कशाला. माझ्या मते पडावं, पण फार थोड्या ठिकाणी. मताकडे नंतर येतो. आधी तुमचं लग्न, कारण खरी मेख तिथे आहे.

हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 5 मध्ये नात्याच्या दोन अटी आहेत. पहिली निषिद्ध नात्यांची. त्यात भाऊ-बहीण, काका किंवा मामा आणि पुतणी-भाची, आणि भावाबहिणीची, दोन भावांची किंवा दोन बहिणींची मुलं आपसात, हे सगळं येतं. दुसरी सपिंडाची, म्हणजे दोघांचा समान पूर्वज ठराविक पिढ्यांच्या आत नसावा: वडिलांच्या बाजूने पाच पिढ्या, आईच्या बाजूने तीन, आणि मोजताना स्वतःला पहिली पिढी धरायचं. तुमच्या बाजूने तुम्ही एक, आई दोन, आजोबा तीन. मुलीच्या बाजूने ती एक, तिचे वडील दोन, तेच आजोबा तीन. म्हणजे दोन्ही अटींत तुम्ही अडकता.

पण दोन्ही अटींना एकच पळवाट कायद्यानेच ठेवली आहे: दोघांनाही लागू असलेली रूढी परवानगी देत असेल तर लग्न वैध. ही रूढी दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेलेली हवी, आणि एखाद्या घराण्यापुरती असेल तर त्या घराण्याने ती सोडलेली नसावी. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे मामाची मुलगी करणं इतकं उघड चालतं की मांडवात कुणी भुवई उंचावत नाही. मात्र ही रूढी एका दिशेची आहे. आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाते, ते चालतं. पण आत्याची मुलगी करून आणायला बहुतेक घरांत नकार असतो. मावसबहीण आणि चुलतबहीण तर सख्ख्या बहिणीसारख्या. कायद्याच्या तक्त्यात ही सगळी नाती एकाच पातळीवर आहेत. वाचवते ती फक्त रूढी, आणि ती मामाच्या मुलीपुरतीच भक्कम आहे.

आता लोक कुठे फसतात ते बघा. "कोर्ट मॅरेज करून टाकू, सगळं कायदेशीर होईल" असं म्हणून जोडपी दुय्यम निबंधक कार्यालयात विशेष विवाह कायद्याखाली (1954) नोटीस देतात. त्या कायद्याच्या परिशिष्टात पुरुषासाठी 37 आणि स्त्रीसाठी 37 नाती मनाईची आहेत, आणि मामाची मुलगी त्यात सरळ नाव घेऊन लिहिलेली आहे. रूढीची सवलत इथेही आहे, पण इथे रूढी म्हणजे राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून मान्य केलेला नियम. गावातल्या दहा म्हाताऱ्यांची साक्ष इथे कामाला येत नाही. नोटीस लागल्यावर 30 दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो, विवाह अधिकारी चौकशी करतो, आणि हरकत मान्य झाली तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करावं लागतं. म्हणजे जे लग्न मांडवात अक्षता टाकून वैध ठरलं असतं, ते कार्यालयात अडतं. तुमच्यासाठी हा रस्ता चुकीचा आहे.

हिंदू पद्धतीने, विधी करून लग्न करा आणि मग 1998 च्या राज्य कायद्याखाली ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदणी करा. नोंदणीचा दाखला म्हणजे वैधतेवर शिक्का नव्हे. विधीच झाले नसतील तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे विधीचे फोटो, पत्रिका, पुरोहिताचं नाव जपून ठेवा.

रूढीचा पुरावाही आत्ताच गोळा करा: दोन्ही घरांची वंशावळ, आधीच्या पिढ्यांत झालेल्या अशा लग्नांच्या पत्रिका, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. लग्नाच्या दिवशी हे कुणी विचारत नाही. विचारलं जातं दोघांचं बिनसल्यावर. दिल्ली उच्च न्यायालयात 2024 मध्ये निकाल लागलेल्या प्रकरणात हेच झालं: नवऱ्याने सपिंड नात्याच्या कारणावरून लग्न रद्दबातल ठरवून घेतलं, बायकोला रूढी सिद्ध करता आली नाही, आणि तिने सपिंडाच्या कलमालाच दिलेलं आव्हानही फेटाळलं गेलं. लग्न रद्द झालं तरी मुलं कायद्याने औरस राहतात, पण बाकीचा भार सहसा बायकोवरच पडतो. वर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 18 मध्ये एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही.

आता मत. मला यातली रूढीची तरतूदच खटकते. तेच नातं, तेच वय, तीच राजी. पण एका घराण्याचं लग्न वैध आणि दुसऱ्याचं रद्दबातल, का तर आजोबा-पणजोबांनी तसं केलं होतं. कारण वैद्यकीय म्हणावं तर रूढीने जनुकं बदलत नाहीत. सख्ख्या आते-मामे भावंडांची सरासरी आठवा हिस्सा जनुकं समान असतात. बाळात जन्मजात दोष असण्याचा धोका सर्वसाधारण जोडप्यांत 2 ते 3 टक्के, तर अशा जोडप्यांत साधारण 4 ते 6 टक्के. धोका खरा आहे, पण त्यावर मनाई हा उपाय नाही, तपासणी आहे. थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी चाचणी लग्नाआधी दोघांनीही करा, आणि घराण्यात बहिरेपणा किंवा मतिमंदत्व असेल तर जनुकतज्ज्ञाला दाखवा.

कायद्याने पडावं ते तिथे, जिथे "राजी" हा शब्दच डळमळतो किंवा तिसऱ्याचं नुकसान होतं. जोडीदार हयात असताना दुसरं लग्न नको. मामा-भाचीच्या लग्नाला मी मोकळीक देणार नाही. ती प्रथा जतच्या पलीकडे कर्नाटकात आहे हे ठाऊक आहे, पण जिला अंगाखांद्यावर खेळवलं तिच्या होकारात किती होकार आणि किती घरचा धाक, हे कुणी मोजायचं?

याउलट मुलासाठी 21 ची अट मला समजत नाही. अठराव्या वर्षी मत देतो, करार करतो, पण नवरा होऊ शकत नाही. त्यातही गंमत म्हणजे वीस वर्षांच्या मुलाचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं तर सरळ शून्य, म्हणजे रद्दबातल, आणि हिंदू विवाह कायद्याखाली झालं तर निव्वळ वयामुळे शून्य ठरत नाही. एक महिन्याची जाहीर नोटीसही काढून टाकावी. आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडप्यांच्या घरच्यांना पत्ता मिळतो तो तिथूनच. तुम्हाला तिची गरज नाही. तुमच्यासाठी वंशावळ आणि एचपीएलसीचा रिपोर्ट पत्रिका छापायच्या आत हातात असला म्हणजे झालं.