जुनी सेंटॉर की नवी ओशियानिस?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा रत्नागिरीचा, गेली पंधरा वर्षं इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला राहतो. दोन उन्हाळे क्लबच्या बोटीवर शिकलो, आता स्वतःची शिडाची बोट घ्यायची आहे. बायको आणि मुलं (८ आणि ११) यांच्यासोबत वाइट बेट, जमलं तर पुढे पूल नावाच्या बंदरापर्यंत जायचं. दोन बोटी नजरेत आहेत. एक १९७४ ची वेस्टर्ली सेंटॉर, ५,५०० पौंडांची. दुसरी २०२० ची बेनेतो ओशियानिस ३०.१, तिच्यासाठी मोठं कर्ज काढावं लागेल. चिचेस्टर हार्बरच्या एका फाट्यात बोट बांधायला जागा मिळाली आहे. ओहोटीला तिथे सगळा चिखल उघडा पडतो. घरचे म्हणतात, पन्नास वर्षांच्या बोटीत मुलांना नेऊ नकोस. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. ओहोटीला चिखल उघडा पडतो! बोटीचं वय, किंमत, घरच्यांची काळजी हे सगळं त्याच्यानंतर.

तिकडे उधाणाला पाणी चारेक मीटर चढतं आणि उतरतं. ओशियानिस ३०.१ ची कील, म्हणजे तळाखालचं वजनदार पातं, मधोमध एकच. उथळ घेतली तरी ती पाण्याखाली १.३० मीटर जाते, खोल घेतली तर १.८८. पाणी गेलं की ही बोट मऊ चिखलात रुतेल, नाहीतर कुशीवर पडेल. कुशीवर पडली तर मागच्या दोन सुकाणूंपैकी एकावर भार येण्याची भीती. याच बोटीचा उचलत्या कीलचा प्रकारही आहे. तुम्ही पाहिलेली तशी असेल तर हा मुद्दा बराच हलका होतो, ते आधी विचारून घ्या. नसेल, तर तिला मरीना, म्हणजे ओहोटीलाही पाणी राहणारा बोटींचा धक्का हवा, आणि मरीनाचं भाडं कर्जाच्या हप्त्यासोबत दर वर्षी भरावं लागेल.

सेंटॉर अशाच जागांसाठी जन्मली. लॉरेंट जाइल्स यांच्या कार्यालयाचा आराखडा, २६ फूट लांबी, १९६९ ते १९८० या काळात अडीच हजारांच्या आसपास बोटी बांधल्या गेल्या. कारखाना तुमच्या घराजवळच, वॉटरलूव्हिलला होता. दोन बाजूंना दोन कील, पाण्याखाली जेमतेम ०.९१ मीटर. भाट्याच्या खाडीत ओहोटीला कलंडून पडलेल्या होड्या तुम्ही लहानपणापासून पाहिल्या असतील. ही कलंडत नाही, दोन पायांवर सरळ उभी राहते. माझ्याकडे २००९ पासून सेंटॉरच आहे. मुलं लहान होती तेव्हा आम्ही ईस्ट हेडजवळ वाळूवर ती मुद्दाम बसवायचो. पाणी हटलं की मुलं शिडीने खाली उतरून बोटीच्या पोटाखाली खेळायची, मी वर चहा टाकायची, आणि भरती आली की आपोआप तरंगून निघायचो.

आता घरच्यांच्या भीतीबद्दल. सेंटॉरच्या तीन टनांपैकी १,२७० किलो वजन तळाशी, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त. आजच्या बऱ्याच क्रूझर बोटी रुंदीवर तोल सांभाळतात, ही वजनावर सांभाळते. सोलेंटमध्ये, म्हणजे वाइट बेटाच्या अलीकडच्या सामुद्रधुनीत, वारा आणि ओहोटी समोरासमोर आले की लाट आखूड आणि उभी होते. तेव्हा ही दमाने चालते, पण मुलांच्या हातातला कप सांडत नाही. मात्र वाऱ्याच्या तोंडाकडे चढताना सेंटॉर मंद आहे, आणि मंद वाऱ्यात तर ओशियानिस तिला सहज मागे टाकेल. नवीत दोन बंद खोल्या, नीट उभं राहता येईल अशी उंची, मोठं न्हाणीघर. बायकोचा पहिला उन्हाळा याच गोष्टींवर ठरतो, त्यामुळे त्यांना दोन्ही बोटींत तासभर बसवा. एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही : दोन सुकाणूंच्या बोटीत इंजिनाच्या पंख्याचं पाणी सुकाणूवर आदळत नाही, त्यामुळे धक्क्यालगत कमी वेगात ती वळायला कुरकुरते. हात बसेपर्यंत जपावं लागतं.

जुन्या बोटीचं खरं भय वयाचं नाही, न पाहिलेल्या जागांचं आहे. सेंटॉर पाहायला जाल ते ओहोटीला, ती जमिनीवर उभी असताना. दोन्ही कील बाहेरच्या बाजूला फाकलेल्या असल्यामुळे त्या जिथे तळाला जोडल्या आहेत तिथे ताण येतो. कित्येक मालकांनी ती जागा आतून मजबूत करून घेतली आहे. खाली वाका, जोडावरून हाताचं बोट फिरवा. केसासारखी भेग किंवा गंजाचा ओघळ दिसतो का ते बघा. मग आत जाऊन फळ्या उचला, बोल्ट पाहा. तळातले पाण्याचे कॉक हाताने फिरतात का? डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या, त्याची पावती मागा. पावती नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. मी एकदा माझ्या बोटीच्या तारेवरून जुनं सुती फडकं खाली ओढत आणलं. खालच्या फेरूलजवळ, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या नळीजवळ, त्याचा धागा अडकला. पाहिलं तर एक बारीक तार तुटून उभी राहिली होती. डोळ्यांना ती दिसली नसती.

इंजिन मूळचंच असेल तर भाव पाडून मागा. आणि बोट तपासून अहवाल देणारा स्वतंत्र सर्व्हेअर नेमाच. विमा कंपनी या वयाच्या बोटीला सहसा तो अहवाल मागते.

माझं मत स्पष्ट आहे : जागा चिखलाची असेल तर सेंटॉर घ्या. कर्जाचे पैसे न काढता तारा, कॉक, लाइफजॅकेटं आणि व्हीएचएफ रेडिओ यांवर दोन-तीन हजार पौंड मोकळ्या हाताने खर्च करा. पुढच्या उधाणाच्या ओहोटीला जाऊन जोडाचे जवळून फोटो काढा आणि मला पाठवा, दोन्ही कीलचे, आतल्या बाजूनेही.