दातावर सिरॅमिकची कॅप किंवा व्हिनियर चिकटवणं, म्हणजे सिरॅमिक बाँडिंग, नवीन शिकताय? आधी एवढं सांभाळा

पहिलं म्हणजे सिरॅमिक कुठलं ते लॅबला विचाराच, बहुतेक चुका इथेच होतात. लिथियम डायसिलिकेट (काच असलेलं सिरॅमिक) असेल तर ५% हायड्रोफ्लोरिक ॲसिड २० सेकंद, तेही तोंडाबाहेरच, मग धुवा, सुकवा, सायलेन (सिरॅमिक आणि रेझिन सिमेंट जोडणारं द्रव्य) लावा. जास्त वेळ एच केलं (ॲसिडने पृष्ठभाग खडबडीत केला) की जास्त चिकटेल असं नाही, उलट सिरॅमिक कमजोर होतं. झिर्कोनियात ॲसिडने विरघळायला काचच नाही, तिथे ५० मायक्रॉन ॲल्युमिनाने कमी प्रेशरवर सँडब्लास्टिंग आणि एमडीपी प्रायमर (यातला फॉस्फेट गट झिर्कोनियाला धरतो). झिर्कोनियाला लाळ लागली तर फॉस्फोरिक ॲसिडने पुसू नका, त्यातला फॉस्फेट एमडीपीची जागा अडवतो.

आणि २४ तासांनंतरच्या बाँडच्या ताकदीचे आकडे बघून हुरळू नका हं, ५ ते ५५ अंश सेल्सिअस थर्मोसायकलिंगनंतर (थंड-गरम पाण्यात आलटून पालटून बुडवल्यावर) किती बाँड उरतो ते बघा, कच्ची तयारी तिथेच उघडी पडते. सिमेंटची निवड नंतर बघू, जमेल तुम्हाला.