जुन्या डिझेल जीपच्या इंजिनातून जळका वास येतोय, कशाचा असेल?

कन्नडचा औट्रम घाट चढून आल्यावर १५ वर्षं जुन्या जीपच्या बॉनेटमधून जळका वास येतो, असं तुम्ही लिहिलंय. आधी वास कसला ते नीट ओळखा.

तेलकट, कडवट वास आणि बॉनेटच्या फटीतून पातळ धूर असेल तर बहुतेक टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय. ऑइल झिरपून तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. जुन्या गाड्यांत हे फार होतं. इंजिन गार झाल्यावर टॉर्च मारून कव्हरच्या कडेची ओल बघा, डिपस्टिकवर ऑइलची पातळीही बघा. पॅकिंग स्वस्त असतं, पण तसंच चालवलंत तर गाडी पेटू शकते.

फक्त घाटातच, कागद जळाल्यासारखा वास येत असेल तर क्लच घासतोय. गोडसर वास म्हणजे कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या पाण्याची) गळती. आपल्याकडच्या ४२ अंशांच्या उन्हात ती अंगावर काढू नका, आणि गरम रेडिएटरचं झाकण कृपा करून उघडू नका. शेतातून गाडी नेत असाल तर सायलेन्सरला सोयाबीनचं काड अडकलंय का, तेही वाकून बघा.

वायर किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास आला तर तिथेच इंजिन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि गाडी टोचन करूनच गॅरेजला न्या.