व्हर्सायचा दरबार अभ्यासताना

फ्रान्सच्या राजांचा अभ्यास तुम्ही नुकताच सुरू केला आहे, म्हणून आग्रहाने सांगतो की सगळ्या लुईंची वंशावळ पाठ करण्यात वेळ घालवू नका. चौदाव्या लुईची एकच कारकीर्द घ्या आणि तिच्यात मुरा. हा राजा १६४३ मध्ये, वयाची पाच वर्षेही पूर्ण झालेली नसताना गादीवर आला. पुढे फ्रोंदच्या बंडात पॅरिसचे न्यायाधीश आणि बडे सरदार उलटले आणि जानेवारी १६४९ मध्ये राजघराण्याला रात्रीच्या अंधारात राजधानी सोडावी लागली. १६६१ मध्ये मुख्य मंत्री माझारँच्या मृत्यूनंतर लुईने नवा मुख्य मंत्री नेमलाच नाही आणि १६८२ मध्ये दरबार पॅरिसबाहेरच्या व्हर्सायच्या राजवाड्यात हलवला. या दोन्ही निर्णयांचे मूळ मला बरेचसे त्या बंडाच्या आठवणीत दिसते.

राजा सकाळी उठताना त्याच्या हाती सदरा कोणी द्यायचा, यावरून चालणारी मानापमानाची चढाओढ निव्वळ पोकळ डामडौल समजू नका, कारण राजाच्या जवळ उभे राहता येणे म्हणजे पद, निवृत्तिवेतन किंवा नातलगाची शिफारस मागण्याची संधी मिळणे होते. प्रत्यक्ष कारभार मात्र व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या कोल्बेरसारख्या मंत्र्यांच्या हाती होता.

दरबारातला उमराव सेंट-सिमोन याच्या आठवणी अवश्य वाचा, पण त्या मुख्यतः राजाच्या मृत्यूनंतर काही दशकांनी, दुखावलेल्या उमरावाच्या नजरेतून लिहिल्या गेल्या आहेत. त्यांच्याशेजारी दांजो या दरबाऱ्याची १६८४ पासूनची रोजनिशी ठेवा. ती रुक्ष आहे, पण त्या त्या दिवसांची आहे.