बंद गटार बांधावं की घरोघरी शोषखड्डे?

प्रश्न: आमचं गाव परभणी जिल्ह्यात, १३० घरांचं. घरोघरी नळ आले तेव्हापासून सांडपाणी खूप वाढलंय, उघडी नाली सारखी तुंबते आणि सगळं ओढ्याला जातं, ओढ्याच्या काठावरच पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. ग्रामसभेत बंद गटाराचा ठराव येतोय. काहीजण म्हणतात शोषखड्डे करा, पण जमीन काळी आहे आणि एका घराचा खड्डा वर्षभरात भरला. काय करावं?
– एक ग्रामपंचायत सदस्या

उत्तर: ताई, ठरावाला हात वर करायच्या आधी एकच विचारा, गटाराच्या शेवटच्या टोकाला काय आहे? तिथं ओढाच असेल तर बंद गटार म्हणजे तीच घाण झाकून विहिरीजवळ नेणं झालं, दुसरं काही नाही. जरा हिशोब करून बघा. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात, म्हणजे सहा माणसांच्या घरात ३३० लिटर, त्यातलं साधारण २५० लिटर मोरीतून बाहेर पडतं. १३० घरांचं मिळून बत्तीस हजार लिटर, दहा हजारी टँकर तीन भरून वर उरेल इतकं, रोजच्या रोज! तेच २५० लिटर ज्याच्या त्याच्या अंगणात जिरवणं कितीतरी सोपं आहे.

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी गावानं हेच केलं, घरोघरी शोषखड्डे घेतले, आता लोक त्याला मॅजिक पिट म्हणतात. खड्डा चार फूट लांब, रुंद आणि खोल, मधे सिमेंटची टाकी, टाकीला वरच्या भागात चौफेर भोकं, बाजूनं दगड. मोरीचा पाइप टाकीत सोडायचा, गाळ तळाला बसतो आणि फक्त वरचं पाणी भोकांतून दगडात जातं.

तुमच्या गावातला तो खड्डा भरला ना, त्यात मला वाटतं टाकीच नसणार. भांड्यांचं पाणी थेट दगडात सोडलं की शितं, केस, राख, साबणाचा चिकटा सगळं फटीत जाऊन बसतं आणि मग खड्डा पाणी घेतच नाही. आमच्या घरी मोरीच्या तोंडाशी जाळी आहे, ती आई दर रविवारी काढते, त्यावर केसांचा गुंता, फुगलेला भात आणि पांढरा बुळबुळीत थर, वास असा की नाक धरावं लागतं. पण एवढं दहा मिनिटांचं काम केल्यामुळं आमचा खड्डा अजून चालू आहे. टाकीतला गाळही अधूनमधून काढावाच लागतो, हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगतेय.

आता काळी जमीन. तिथं पाणी हळू जिरतं हे खरंच आहे, त्यामुळं डोळे झाकून १३० खड्डे खणू नका. खड्डा घेऊन तळाला मुरूम लागतो का बघा, संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओता आणि सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर त्या घराला खड्डा नको, जाळीतून गाळून ते पाणी परसात केळी, कर्दळ, अळूला चर काढून द्या, मात्र साचू देऊ नका. विहिरीपासून खड्डा निदान ३५ फूट लांब हवाच, जास्त असेल तर उत्तम. आणि संडासाचं पाणी यात अजिबात सोडायचं नाही, त्याचे दोन खड्डे वेगळे.

पैशाचं म्हणाल तर रोजगार हमीतून शोषखड्डा घेता येतो. शिवाय स्वच्छ भारत मिशनच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात ५००० पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत धरले होते, म्हणजे तुमच्या पावणेआठशे माणसांचे दोन लाखांच्या वर होतात, आता यातलं काय मिळतं हे ग्रामसेवकांना विचारा.

प्रश्न: खड्डे केले की डेंग्यू जाईल का?
– त्याच वाचक

उत्तर: पूर्ण नाही जाणार. नालीतल्या घाण पाण्यात होतो तो क्युलेक्स डास, हत्तीपाय पसरवणारा, तो नक्की कमी होईल. डेंग्यूचा डास मात्र घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, त्यामुळं रांजण, हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून कोरडे करायचेच.

सुरुवात पाच घरांपासून करा, उन्हाळ्यात खणा, आणि पावसाळ्यात खड्ड्यात खालून पाणी वर येतं का ते बघूनच बाकीच्यांचं ठरवा.