कोरियन ‘हान’ हे अक्षर संगणकात एक की तीन?

दोन्ही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणात, हंगुल ही कोरियन लिपी दोन प्रकारे साठवता येते, आणि समोर दिसणारा कोरियन शब्द संगणकात शोधूनही कधीकधी सापडत नाही तो यामुळेच.

पहिला प्रकार म्हणजे पूर्ण जोडलेले अक्षर. १९ आद्य व्यंजने, २१ स्वर आणि अंत्य व्यंजनाचे २८ पर्याय (त्यात ‘काहीच नाही’ हाही एक) यांचा गुणाकार ११,१७२ होतो. तेवढ्या सगळ्या अक्षरांना ४४०३२ ते ५५२०३ असे सलग क्रमांक दिले आहेत. त्यामुळे तक्ता लागतच नाही, नुसत्या गणिताने क्रमांक निघतो. मोजणी शून्यापासून केली, तर ‘हान’मधला ह १८वा, आ शून्यावा आणि अंत्य न ४था. (१८ × २१ + ०) × २८ + ४ = १०५८८; त्यात ४४०३२ मिळवले की ५४६२०. इतकी देखणी रचना मला युनिकोडमध्ये दुसरी दिसलेली नाही.

दुसऱ्या प्रकारात ह, आ, न हे सुटे घटक, म्हणजे जामो, एकापुढे एक ठेवतात. आपल्या ‘कि’मध्ये क आणि वेलांटी वेगळी असते, तसेच. मॅकवरून आलेल्या फाइलींची कोरियन नावे विंडोजवर कधीकधी सुटी सुटी दिसतात, ती यामुळेच.

म्हणून दोन मजकुरांची तुलना करण्याआधी ते दोन्ही एनएफसी (NFC), म्हणजे युनिकोडने ठरवलेल्या जोडलेल्या अक्षरांच्या रूपात आणा.